लाईट गेली तर?

(आपल्या १९८७ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना फारसे बदल केलेले नाहीत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला आधीच दम दिला. म्हणाले, "तू हॉस्पिटलातली, म्हणून तुला आरोग्यावर बोलायचंय. पण डाएट आणि बीपी नको, ते आम्ही रोज मोबाईलवर वाचतो. तू रोबोवर बोल. तुझ्या दादाचं ऑपरेशन रोबोनं केलं म्हणून सगळ्या मिरकरवाड्यात चर्चा आहे."

चर्चा आहे हे मला ठाऊक होतं. गेल्या गणपतीत घरी आले होते, तेव्हा जेटीवर मासळी विकायला बसणाऱ्या एका मावशींनी मला रस्त्यात थांबवलं. "काय गो, तुझ्या भावाला मशीननं कापला ना? माणूस नव्हता काय तिथं कोण?"

मावशींना तेव्हा दिलं तेच उत्तर आज सविस्तर देणार आहे. माणसं होती. सात-आठ माणसं होती. आणि एरवी त्या माणसांतली एक मी असते. मी डॉक्टर नाही. तीस वर्षांहून अधिक काळ मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं ज्या थिएटरमध्ये रोबो आहे तिथे काम करते. सर्जनला हत्यार देणं, मोजून परत घेणं, रोबोच्या हातांवर निर्जंतुक प्लास्टिकचे झगे चढवणं, हे माझं काम. त्यामुळे मी बोलणार आहे ते टेबलाशेजारी उभं राहून जे दिसतं त्याबद्दल.

पण सुरुवात आपल्या शाळेपासूनच करावी लागेल. आपले शास्त्राचे सर आज समोर बसले आहेत. सर, तुम्हाला आठवतं का माहीत नाही, नववीत तुम्ही आम्हाला फुप्फुसाचा प्रयोग दाखवला होता. काचेची हंडी, आत दोन फुगे, खाली ताणून बांधलेला रबरी पडदा. पडदा खाली ओढला की फुगे फुगायचे, सोडला की बसायचे. एक दिवस त्यातल्या एका फुग्याला भोक पडलं आणि तो लोंबत राहिला, दुसरा मात्र फुगत होता. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "सर, पेशंट गेला!" तुम्ही म्हणालात, "नाही रे, एका फुप्फुसावरही माणूस जगतो."

सर, फुप्फुसाचं ऑपरेशन त्याच एका वाक्यावर उभं आहे. भूल देणारे डॉक्टर श्वासनलिकेत दोन पोकळ्यांची नळी घालतात आणि ज्या बाजूला काम करायचं ते फुप्फुस मुद्दाम बसवून ठेवतात. रोगी दुसऱ्या फुप्फुसावर श्वास घेतो. मॉनिटरवर ते गुलाबी-करडं फुप्फुस हळूहळू आक्रसताना दिसतं तेव्हा मला आजही आपली प्रयोगशाळा आठवते.

आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. माझे बाबा बोटीवर ड्रायव्हर होते, म्हणजे मशीन सांभाळायचे. डिझेलचा वास त्यांच्या अंगाला कायम असायचा, आणि विडीचा. १९९१ मध्ये त्यांना खोकला लागला. कधीतरी थुंकीतून रक्ताची रेघ यायची. एक्स-रेवर सावली दिसली. सावली दिसली की टीबी, असा तो काळ होता. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी औषधं सुरू झाली. रोज सुई, मूठभर गोळ्या. आठ महिने.

मी तेव्हा मुंबईत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले तेव्हा थुंकीचा कागद मी स्वतः वाचला होता. जंतू नाहीत, वजन उतरतंय, खोकला तसाच, मग औषधं कशाची चालू आहेत, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. मी तो विचारला नाही. डॉक्टरांना उलट विचारायचं म्हणजे उद्धटपणा, असं आपल्याला शिकवलेलं. शिवाय मी कोण, दुसऱ्या वर्षाची पोरगी.

शेवटी आम्ही बाबांना मुंबईला नेलं. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. एसटीच्या रातराणीत खिडकीला डोकं टेकून ते रात्रभर खोकत होते. परळला गावकीच्या खोलीत उतरलो आणि सकाळी टाटा रुग्णालयात गेलो. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी दोन एक्स-रे उजेडाच्या पेटीवर शेजारी-शेजारी लावले, आठ महिन्यांपूर्वीचा आणि त्या आठवड्यातला. पहिल्यातली सावली बोटाच्या पेराएवढी होती. दुसऱ्यात ती छातीच्या मध्यापर्यंत पोहोचली होती आणि दुसऱ्या बाजूलाही ठिपके होते. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. डॉक्टरांनी कोणालाही दोष दिला नाही. त्यांनी फक्त त्या पहिल्या एक्स-रेवर बोट ठेवलं आणि थोडा वेळ ते काढलंच नाही. चार महिन्यांत बाबा गेले.

म्हणून रोबोचं कौतुक करण्याआधी मला हे सांगायचं होतं. जगातला सगळ्यात चांगला रोबो त्या दिवशी शेजारच्या खोलीत असता तरी बाबांना त्याचा काही उपयोग झाला नसता.

आता दादाकडे येते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. १ जूनला मासेमारी बंद झाली आणि बोटी वर ओढल्या, की आपल्याकडची माणसं वर्षभर टाळलेली दुखणी बाहेर काढतात. कोणाचा दात, कोणाचा गुडघा. दादाचा हर्निया होता. त्या ऑपरेशनआधीची तपासणी म्हणून छातीचा एक्स-रे काढला, आणि उजवीकडे वरच्या बाजूला एक ठिपका निघाला. खोकला नाही, ताप नाही, काही नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. "बाय, टीबी निघालाय म्हणतात. उद्यापासून गोळ्या चालू."

तेहेतीस वर्षांनी तोच शब्द, तेच घर. मी विचारलं, "थुंकी तपासली?" तो म्हणाला, "थुंकी येतच नाही तर तपासणार काय?" मी म्हटलं, "मग गोळी तोंडात घालू नकोस. आधी तपासायचं."

आज ही तपासणी सोपी आहे. टीबीच्या जंतूचा अंश ओळखणारं ट्रूनॅट नावाचं यंत्र आपल्या शेजारी गोव्यात तयार होतं, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याला मान्यता दिली. सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट होते आणि उत्तर काही तासांत मिळतं. दादाची थुंकी खटपट करून काढली, टीबी नव्हता. मग सीटी स्कॅन, मग मुंबईत सुईनं तुकडा काढून तपासणी, मग पेट स्कॅन. गाठ कॅन्सरची होती, पण १.८ सेंटिमीटरची. कुठेही पसरलेली नव्हती. हर्नियानं माझ्या भावाला वाचवलं, असं मी म्हणते तेव्हा तो चिडतो, पण ते खरं आहे.

उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. दादाच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढायचा ठरला. सर्जननी तीन रस्ते सांगितले. एक, छाती उघडून, जुन्या पद्धतीनं. दोन, बारीक छिद्रांतून दुर्बिणीनं. तीन, तशाच छिद्रांतून, पण रोबोच्या मदतीनं. दादाच्या बाबतीत तिसरा रस्ता बरा, असं त्यांचं मत होतं.

दादा रात्री माझ्या घरी गॅलरीत बसला होता. त्याला कॅन्सरची भीती वाटत होतीच, पण त्यानं विचारलं ते वेगळंच. बाबांसारखाच तोही जन्मभर मशीनवर राहिलेला. म्हणाला, "बाय, एक सांग. लाईट गेली तर?"

मला हसू आलं आणि मग वाटलं, हा खरा प्रश्न आहे. भर समुद्रात मशीन बंद पडलं तर काय, हे ज्यानं चाळीस वर्षं मनात धरून काम केलं, तो हेच विचारणार. म्हणून मी त्याला मशीन समजावून सांगितलं. तुम्हालाही तसंच सांगते.

रोबो म्हटलं की सिनेमातला चालणारा-बोलणारा पुतळा डोळ्यांसमोर येतो. हा तसा नाही. टेबलाशेजारी एक खांब आणि त्याला चार लांब हात. एका हाताला कॅमेरा, बाकीच्यांना बारीक हत्यारं. बरगड्यांच्या मधल्या जागेतून सुमारे आठ मिलिमीटरच्या छिद्रांतून ती आत जातात. काही पावलांवर सर्जन एका यंत्रात डोकं घालून बसलेले असतात. त्यांना आतलं दृश्य दहापट मोठं आणि खोलीसकट दिसतं. त्यांची बोटं दोन कड्यांत असतात. त्यांनी मनगट वळवलं की आतलं हत्यार वळतं, ते थांबले की ते थांबतं. स्वतःहून हा रोबो एक टाकासुद्धा घालत नाही. सर्जननी डोकं बाहेर काढलं की चारही हात आहेत तिथे गोठतात.

मग त्याचा फायदा काय? जेटीवर जाळं शिवणाऱ्यांचे हात आठवा. सगळी करामत मनगटात आणि बोटांत असते. साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हत्यार सरळ काठीसारखं असतं, म्हणजे मनगट बांधून जाळं शिवल्यासारखं. रोबोच्या हत्याराला टोकाशी मनगट असतं. हाताची बारीक थरथर यंत्र गाळून टाकतं. छातीच्या आत, हृदयाला लागून, रक्तवाहिन्यांच्या मधल्या बोळात काम करताना याचा उपयोग होतो. लसिका ग्रंथी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी पुढे निघाल्या तर आधी जिथे अडकतात त्या बारीक गाठी, नीट वेचून काढता येतात.

त्याची एक उणीवही आहे. यातल्या बहुतेक यंत्रांमध्ये सर्जनला हाताला काहीच जाणवत नाही. धागा किती ताणला, पेशी किती मऊ आहे, हे त्यांना डोळ्यांनी ओळखावं लागतं. २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या नव्या यंत्रात हा स्पर्श थोडाफार परत आणलाय. पण डोळ्यानं स्पर्श ओळखायची सवय लागायला सर्जनला अनेक ऑपरेशनं करावी लागतात.

आणि लाईट? यंत्राला स्वतःची बॅटरी असते, हॉस्पिटलचा जनरेटर असतो. तेही गेलं तर हत्यारं हातानं सोडवून बाहेर काढायची सोय असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, छाती उघडून करायच्या ऑपरेशनचा पूर्ण ट्रे बाजूच्या टेबलावर मांडून, मोजून तयार असतो. दरवेळी. तो मांडणं माझं काम आहे. दादाला मी म्हटलं, "तुमच्या बोटीवर वल्ही असतात ना, मशीन असलं तरी? तसा तो ट्रे." तो म्हणाला, "हां. मग बरं."

तो ट्रे शोभेचा नसतो, हेही मी आज लपवणार नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका ऑपरेशनमध्ये फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला इजा झाली. तिची भिंत ओल्या कागदासारखी पातळ असते. पडदा क्षणात लाल झाला. सर्जन यंत्रातूनच शांतपणे म्हणाले, "दाबून धर." टेबलाजवळच्या दुसऱ्या सर्जननी मी दिलेला गॉझचा बोळा लांब चिमट्यानं आत नेला आणि दाबून धरला. मुख्य सर्जन हात धुवायला धावले. भूलतज्ज्ञांनी रक्त लावलं. रोबोचे हात सोडवून खांब मागे ओढला, छाती उघडली, वाहिनी शिवली. रोगी बारा दिवसांनी चालत घरी गेला. हे जमलं, कारण आमची टीम दर थोड्या महिन्यांनी त्याची तालीम करते. रिकाम्या टेबलावर, घड्याळ लावून. रोबोचं ऑपरेशन सुरक्षित असतं का, असं कोणी विचारलं की मला ती तालीम आठवते. ती करणारी माणसं तिथे असतील तर ते सुरक्षित आहे.

आता संशोधन काय म्हणतं ते थोडक्यात सांगते, कारण जाहिराती फार आल्या आहेत. छाती उघडण्यापेक्षा छिद्रांतून केलेलं ऑपरेशन रोग्याला सोपं जातं, याबद्दल आता शंका राहिलेली नाही. ब्रिटनमध्ये ५०३ रोग्यांवर झालेल्या व्हायोलेट नावाच्या चाचणीत दुर्बिणीनं ऑपरेशन झालेले लोक पाच आठवड्यांनी जास्त हिंडते-फिरते होते, आणि हॉस्पिटलमधले त्रासही त्यांना कमी झाले. पण रोबो विरुद्ध साधी दुर्बीण अशी तुलना केली की फरक बारीक होतो. शांघायमध्ये ३२० रोग्यांवर चाचणी झाली. ऑपरेशननंतरच्या गुंतागुंती दोन्हीकडे जवळपास सारख्या, लसिका ग्रंथी रोबोनं जास्त निघाल्या, आणि खर्चही रोबोचाच जास्त.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०१९ मध्ये एक इशाराही दिला होता. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये रोबोमुळे रोगी जास्त जगतात, हे सिद्ध झालेलं नाही, ते गृहीत धरू नका. त्याच्या आदल्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती. तीत छिद्रांतून केलेल्या ऑपरेशनचा निकाल उघड्या ऑपरेशनपेक्षा वाईट निघाला होता. म्हणजे एका अवयवाला जे मानवतं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही. फुप्फुसात तसा धोका दिसलेला नाही. पण "रोबोनं केलं म्हणून कॅन्सर परत येणार नाही" असं कोणी म्हणालं तर ते विकायला बसले आहेत असं समजा.

दादाच्या ऑपरेशनच्या दिवशी मला थिएटरमध्ये जाऊ दिलं नाही. नियमच तसा आहे आणि तो योग्य आहे. मी तीस वर्षांत पहिल्यांदा त्या दाराच्या बाहेरच्या बाकावर बसले. वहिनी शेजारी जपमाळ घेऊन बसली होती. आत आता काय चालू असेल ते मिनिटामिनिटाला मला माहीत होतं, आणि त्या माहितीचा काडीचा उपयोग होत नव्हता. चार तासांनी माझीच सहकारी बाहेर आली, मास्क खाली केला आणि म्हणाली, "ट्रे तसाच परत गेला." तिला माहीत होतं मला कोणतं वाक्य ऐकायचंय.

त्याच्या छातीवर चार बारीक छिद्रं आणि एक थोडी मोठी चीर आहे, काढलेला खंड पिशवीत घालून बाहेर घेण्यासाठी. दुसऱ्या दिवशी तो खुर्चीत बसून तीन गोळ्यांचं ते श्वासाचं खेळणं ओढत होता. सगळं गोडगोड झालं असंही नाही. विडी सोडून त्याला बारा वर्षं झाली, पण फुप्फुसं हिशोब ठेवतात. शिवलेल्या जागेतून हवा झिरपत राहिली. छातीतली नळी तीन दिवसांत निघायची ती आठवडाभर राहिली. नळीच्या बाटलीत बुडबुडे येतात का, ते बघत तो तासन्‌तास बसायचा. "पंप लीक आहे," म्हणायचा. आठव्या दिवशी लीक थांबला. ग्रंथी सगळ्या स्वच्छ निघाल्या, केमोची गरज पडली नाही. बंदी उठून बोटी बाहेर पडल्या तेव्हा तो जेटीवर उभा होता. बर्फाचे क्रेट उचलायचे नाहीत अशी त्याला ताकीद होती, म्हणून दुसऱ्यांना सूचना देत होता. ते काम त्याला जास्त आवडलेलं दिसतं.

इथे मला एका जुन्या सर्जनची गोष्ट सांगावीशी वाटते. कॅन्सरसाठी एक अख्खं फुप्फुस एकाच ऑपरेशनमध्ये काढून रोगी वाचवण्याचं काम पहिल्यांदा झालं ते ५ एप्रिल १९३३ रोजी, अमेरिकेत सेंट लुईस शहरात. सर्जन होते एव्हार्ट्‌स ग्रॅहम आणि रोगी होते जेम्स गिलमोर, स्वतः डॉक्टर. ग्रॅहम सिगारेट ओढायचे. सिगारेटमुळे हा कॅन्सर होतो हे त्यांना आधी पटत नव्हतं. पण १९५० मध्ये वायंडर नावाच्या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनीच ते आकडे मांडून दाखवले आणि पुढे सिगारेट सोडली. उशीर झाला होता. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्याच कॅन्सरनं गेले. त्यांचा रोगी गिलमोर एका फुप्फुसावर १९६३ पर्यंत जगला. सर, तुमचं वाक्य खरं ठरवून.

पण विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. जन्मात विडीला हात न लावलेल्या बायका आमच्याकडे टेबलावर येतात. चुलीचा धूर, शेजारच्याचा धूर, हवा, कधी नुसतंच नशीब.

आता पैशांचं. रोबोच्या हत्यारात गणती ठेवणारी चिप असते, ठरावीक वेळा वापरलं की यंत्र ते हत्यार स्वीकारतच नाही. म्हणून खर्च येतो आणि तो बिलात वेगळा लागतो. विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांनुसार विमा कंपन्यांना रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट नाकारता येत नाही, पण रकमेला मर्यादा घालता येते. ती मर्यादा पॉलिसीत आधी वाचा. महात्मा फुले योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आहेत. रोबोचा जादा खर्च त्यात बसतो का, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. आणि नाही बसला तर जमीन विकू नका. चांगल्या हाताचं दुर्बिणीचं ऑपरेशन, किंवा गरज असेल तर उघडं ऑपरेशनसुद्धा, वेळेत झालं तर तेही जीव वाचवतं.

कोणावर अशी वेळ आली तर सर्जनना चार गोष्टी विचारा. फुप्फुसाची अशी ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती केलीत? मध्येच छाती उघडावी लागली तर कोण उघडेल, तयारी काय? माझ्या बाबतीत साध्या दुर्बिणीपेक्षा रोबोनं नेमका काय फायदा होईल? आणि सगळा मिळून खर्च किती, तो लिहून द्याल का? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला तर दुसऱ्याकडे जा.

मघाशी चहाच्या वेळी एकानं विचारलं, आपल्या रत्नागिरीत हे कधी येणार? यंत्रं भारतातही बनू लागली आहेत. गुरुग्रामच्या कंपनीनं बनवलेल्या मंत्र नावाच्या यंत्रावर जानेवारी २०२५ मध्ये सर्जन गुरुग्रामला बसले आणि रोगी जयपूरला होता, मध्ये २८६ किलोमीटर. आपलं मुंबईचं अंतर याहून फार जास्त नाही. म्हणजे तेही एक दिवस होईल. पण त्या दिवशीही टेबलाशेजारी छाती उघडू शकणारा सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ट्रे मोजणारी नर्स लागेलच. ती माणसं इथे घडवायला यंत्र विकत घेण्यापेक्षा जास्त वर्षं लागतात. आपल्या नातवंडांपैकी कोणी त्या वाटेनं जात असेल तर मला भेटवा.

आणि त्याआधी एक काम आजच करता येईल. मघापासून हॉलमध्ये मी खोकले मोजतेय, ती माझी सवयच आहे. तीन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीत रक्त, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तर तपासून घ्या. टीबी सांगितला तर "थुंकीत सापडला का?" एवढं विचारा. सापडला तर औषधं शेवटपर्यंत घ्या, टीबी बरा होतो. सापडला नाही आणि महिना-दीड महिन्यात उतार नाही, तर सीटी मागा. विचारायला संकोच वाटला तर मला फोन करा, मी विचारीन. नंबर आपल्या ग्रुपवर आहे. रात्री ड्यूटी असते, पण सकाळी आठनंतर मी उचलते.

१९९१ मध्ये मी विचारलं नव्हतं. म्हणून आता विचारत असते, सगळ्यांसाठी.

दादा तिकडे मागे दाराशी उभा आहे. तो आपल्या बॅचचा नाही, चार वर्षं पुढचा. पण जेवणात सुरमई कुठून आली ते तुम्ही विचाराल म्हणून सांगते, ती त्यानं आणलीय. क्रेट त्यानं स्वतः उचललेला नाही, असं तो म्हणतो. मी तपास करणार आहे.